मांडवातलं प्रात्यक्षिक

लग्नघरी येणारी माणसं पूर्वी ठरलेली असायची. गुरुजी, आचारी, सनई-चौघडेवाले, फुलवाला, फोटोग्राफर. अलीकडे या यादीत आणखी एकाची भर पडली आहे, ती चित्रकाराची. मांडवाच्या एका कोपऱ्यात ईझल लावायचा, त्यावर दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास चढवायचा आणि समोर लग्न लागत असताना ते रंगवायचं. अमेरिकेत ही पद्धत आधी रुळली, मग आपल्याकडे आली. तिला ‘लाइव्ह वेडिंग पेंटिंग’ असं भारदस्त नाव आहे. मी कोल्हापूरची. लोकांसमोर बसून चित्र काढण्याला आमच्याकडे साधा, जुना शब्द आहे : प्रात्यक्षिक. गेली काही वर्षं मी मांडवात प्रात्यक्षिकं करते आणि त्यावर माझं घर चालतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सिनेमाचे बॅनर रंगवायचे. कोल्हापुरात या कामाला कमीपणा नव्हता. बाबूराव पेंटरांनी आपले नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा हाती घेतला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतःच रंगवली, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. आबा लहानशा फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे आणि बघता बघता वीतभर चेहरा दहा फुटांचा व्हायचा. मग २००० नंतर फ्लेक्स आलं. आबांचे ब्रश डब्यात गेले ते गेलेच.

मी कलाशिक्षण पूर्ण केलं, मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले आणि सुट्टीच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर बसून निसर्गचित्रं केली. प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्याला दोनच तास मिळतात. ऊन सरकतं, सावल्या फिरतात, घाटावर धुणं धुणारी बाई बादली उचलून निघून जाते. जे दिसलं ते तेव्हाच पकडायचं, ही सवय हाताला तिथे लागली. चित्रं मात्र फारशी विकली गेली नाहीत.

२०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले. त्या वर्षी लग्नाला पन्नासच माणसांची मुभा होती. मावसबहिणीचं लग्न अंगणातच लागलं. रत्नागिरीची आजी येऊ शकली नाही. म्हणून मी अंगणाच्या कडेला बसून ते लग्न रंगवलं आणि पुढे चित्र आजीकडे पोचवलं. तिने ते देवघराशेजारी लावलं. तिच्याकडे आलेल्यांनी ते पाहिलं आणि वर्षभरात मला पहिलं बोलावणं आलं.

आबांना ते रुचलं नाही. ‘‘आता सनईवाल्यांच्या शेजारी बसणार व्हय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बसेन की. पण आबा, सनईवाले राहिलेत कुठं? सगळीकडं रेकॉर्ड लावत्यात.’’

आबा काही बोलले नाहीत. जिवंत हाताची जागा यंत्राने घेतली की काय होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. माझ्यापुढे प्रश्न वेगळाच होता. प्रत्येक मांडवात दोन-तीन कॅमेरे, डोक्यावर ड्रोन आणि पाहुण्यागणिक मोबाइल असताना चित्र कशाला हवं?

उत्तर सांगण्याआधी काम कसं चालतं ते सांगते. मुहूर्ताच्या तीन तास आधी मी हॉलवर पोचते. ॲक्रिलिक लवकर वाळतं, म्हणून तेच वापरते. माणसं यायच्या आत मांडव, झेंडूच्या माळा, पाटांच्या जागा उभ्या करून घेते. सोबत पांढऱ्या उजेडाचा छोटा दिवा असतो, कारण हॉलच्या गुलाबी-जांभळ्या प्रकाशात पॅलेटवरचा कोणताही रंग खरा दिसत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की खरी कसोटी. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. वधूच्या मागे उभ्या मामाचा हात, करवलीच्या हातातला करा, मुंडावळ्यांआडून वर आलेली नजर, एवढं डोळ्यांत साठवून भराभर कॅनव्हासवर उतरवायचं. अक्षता ओल्या रंगात येऊन चिकटतात. त्यातले एक-दोन दाणे मी तसेच राहू देते. चेहरे जेमतेम दोन बोटांचे असतात, त्यामुळे माणूस ओळखू येतो तो नाकाडोळ्यांपेक्षा उभं राहण्याच्या ढबीवरून. तरीही कुणी काकू येऊन ‘‘मला जरा बारीक काढा हं’’ असं सांगून जातातच. उरलेलं बारीक काम घरी, आठ-पंधरा दिवसांत.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आइकचं १४३४ सालचं एक जोडप्याचं चित्र आहे. ते लग्नाचं आहे की नाही, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्यात भिंतीवरच्या आरशाच्या वर चित्रकाराने लिहून ठेवलंय, की यान व्हॅन आइक इथे होता. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांच्या घरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे चित्र हा लग्नाचाच भाग असतो. माझ्या चित्रावाचून कुणाचंच लग्न अडत नाही. मग मी तिथे कशासाठी असते, ते मला एका लग्नात कळलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मुलीचा फोन आला. वडील गेलेले, कन्यादान काका-काकू करणार होते. ‘‘आई म्हणते, मी पुढे येणार नाही. तुम्ही तिला माझ्याजवळ काढाल ना?’’

मी म्हटलं, ‘‘जे घडेल ते मी काढते. पण तुमच्याजवळ जागा मोकळी ठेवीन.’’

त्या दिवशी मी वधूच्या उजव्या हाताला वीतभर जागा नुसत्या पार्श्वभूमीच्या रंगात सोडली. मंगलाष्टकं चालू असताना आई खांबाआड होती. तिला कुणी अडवलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. नंतर ती पाणी घेऊन माझ्याकडे आली. चित्राकडे बघत तिने विचारलं, ‘‘इथे कोण यायचंय?’’

‘‘तुम्ही.’’

ती तशीच मागे फिरली. पंगती बसल्या, हॉल ओस पडला. मी ब्रश धुवायला घेतले, तेव्हा ती लेकीला घेऊन बोहल्यावर चढली आणि तिच्या उजव्या हाताला उभी राहिली. पदर सारखा केला आणि मला म्हणाली, ‘‘काढ आता.’’

दहा मिनिटं त्या दोघी उभ्या होत्या. एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. अल्बममध्ये याचा एकही फोटो नाही. फोटोग्राफर तेव्हा जेवायला गेले होते.

चित्रात मुहूर्ताची वेळ आणि त्यानंतरची दहा मिनिटं एकत्र आली आहेत. कुणी याला खोटं म्हणेल. मी म्हणणार नाही. ती तिथे उभी राहिली, मी पाहिलं आणि पाहिलेलंच काढलं.

तेव्हापासून कामाची बोलणी करताना मी तारीख, हॉल आणि कॅनव्हासचा आकार यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारते : तुमच्याकडे पुढे येणार नाही असं कोणी आहे का? बाकीची उत्तरं चटकन मिळतात. या उत्तराला मात्र थोडा वेळ लागतो.