कप्तान होण्याआधीची सात वर्षे

चाळिशी उलटलेल्या नोकरदाराच्या मनात टेबल, घड्याळ आणि वरिष्ठ या तिघांनाही एकदाच रामराम ठोकावा, असा विचार कधी तरी येतोच. पाश्चात्त्य देशांत या ओढीने एक निराळे रूप घेतले आहे. बँकेतला अधिकारी किंवा वकील नोकरी सोडतो, शिडाची नौका घेतो आणि कॅरिबियन समुद्रात पर्यटकांना भाड्याने फिरवणारा कप्तान होतो. त्याच्या धाडसाचे कौतुक होते. खरा प्रश्न मात्र पात्रतेचा आहे.

या व्यवसायाच्या आरंभाशी एक नाव निगडित आहे. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले कमांडर व्हर्नन निकलसन १९४९ च्या प्रारंभी पत्नी व दोन मुलग्यांसह ‘मॉलिहॉक’ या शिडाच्या जहाजातून अँटिग्वा बेटावरील इंग्लिश हार्बर येथे आले. नौदलाने १८८९ मध्ये सोडलेली तेथील गोदी ओसाड पडली होती. बेटावर उतरलेल्या पाहुण्यांनी सफरीची विचारणा केली आणि त्यातून धंदा उभा राहिला. या उदाहरणावरून स्फूर्ती अवश्य घ्यावी. परंतु निकलसन यांनी बदलला तो व्यवसाय, विद्या जुनीच होती, हे विसरता कामा नये.

ज्याच्यापाशी ती विद्या नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्याने रोखठोक दिले आहे. सहापर्यंत उतारू नेणाऱ्या लहान नौकेच्या परवान्यासाठी ३६० दिवसांचा नौकानुभव लागतो. त्यांपैकी ९० दिवस अलीकडच्या काळातील असावे लागतात. किमान चार तास पाण्यावर काढल्याखेरीज तो दिवस धरला जात नाही. केवळ रविवारी नौका बाहेर काढणाऱ्याला हा हिशेब पुरा करण्यास सुमारे सात वर्षे लागतील. म्हणजेच पन्नासाव्या वर्षी कप्तान व्हायचे, तर त्रेचाळिसाव्या वर्षी सुकाणू हाती धरले पाहिजे.

कायद्याची ही कठोरता अनाठायी नव्हे. सफरीत सुट्टीवर असतात ते पाहुणे, कप्तान नव्हे. रात्री वारा फिरला आणि नांगर सरकू लागला, तर जागे व्हायचे त्यानेच. तुंबलेले शौचकूप मोकळे करायचे तेही त्यानेच. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. सप्टेंबर २०१७ मधील ‘इर्मा’ वादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांत उभ्या असलेल्या कित्येक नौकांचा चुराडा केला. ज्याची सारी पुंजी एका नौकेत गुंतलेली असते, त्याला ही शक्यता गृहीत धरूनच संसार मांडावा लागतो.

आपल्या कोकणात नौकेच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. त्याच्या शब्दावर खलाशी जिवाची जोखीम पत्करतात, ते त्याने समुद्रावर घालवलेल्या वर्षांकडे पाहून. उतारवयात समुद्राची हाक ऐकू येण्यात गैर काहीच नाही. मात्र ती ऐकणाऱ्याने राजीनाम्याचा कागद तूर्त बाजूला ठेवावा आणि एक वही घेऊन तिच्यात पाण्यावरचा पहिला दिवस नोंदवावा.