पित्ताची रोजची गोळी : किती दिवस आणि कशासाठी?

आपल्या इंदूरची सकाळ पोहे-जिलेबीने उगवते आणि रात्र सराफ्यात मावळते. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की ठेले लागतात. गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा खाऊन उशिरा घरी यायचे आणि लगेच आडवे व्हायचे. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. "पित्त झालंय" म्हणत एक कॅप्सूल. चार दिवसांची ही कॅप्सूल चार वर्षांची कधी होते, ते कळतही नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त नसते, ते नको तिथे पोहोचते. वाढलेले पोट, रात्रीचे भरपेट जेवण, तंबाखू आणि मद्य यांनी त्रास वाढतो.

म्हणून पहिला उपाय सवयींचा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या उशाकडील पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे ठोकळे द्या. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपा. वजन थोडे उतरले तरी फरक पडतो. सगळेच पदार्थ सोडू नका. आपल्याला जो बाधतो तेवढाच टाळा.

औषधे मुख्यतः तीन प्रकारची. पातळ अँटासिड लगेच आराम देते, पण थोडाच वेळ. फॅमोटिडीन काही तास आम्ल कमी करते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही सर्वांत प्रभावी. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवणानंतर घेतल्यास गुण कमी येतो. साधारण आठ आठवड्यांनी "पुढे हवी का?" हे डॉक्टरांना विचारावे. वर्षानुवर्षे घेतल्यास काहींना ब-१२ किंवा मॅग्नेशियम कमी पडू शकते. नावापुढे 'डी' असलेल्या कॅप्सूलमध्ये बहुधा डोमपेरिडोनही असते. साठीपुढच्यांनी आणि हृदयरुग्णांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मात्र हे वाचून गोळी एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास काही आठवडे आम्ल उसळते आणि "गोळीशिवाय जमतच नाही" असे वाटते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. अन्ननलिकेला मोठी जखम असेल, किंवा ॲस्पिरिन वा वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका असेल, तर हीच गोळी दीर्घकाळ आवश्यक ठरते. औषधाने भागत नसेल किंवा जन्मभर औषध नको असेल, तर तपासण्या करून दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. त्यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. नंतर काहींना गिळताना अडखळणे किंवा पोट फुगणे जाणवते, हेही आधी समजून घ्यावे.

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्तक्षय असेल तर थांबू नका. एंडोस्कोपी लागू शकते. छातीत दाब, घाम, दम किंवा हातात-जबड्यात कळ आली, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

सराफा सोडा असे कोण म्हणेल? फक्त थोडे लवकर जा, थोडे कमी खा, आणि परतताना जरा चालत या.