पोच आली का?

स्मार्ट घराच्या ॲपमधले बटण दोन कामे करते. दाबले की ते हुकूम सोडते आणि नुसते पाहिले की उपकरण चालू आहे की बंद, ते सांगते. भिंतीवरच्या खटक्यात ही दोन्ही कामे एका तारेने बांधलेली असल्यामुळे त्यांच्यात फाटाफूट होत नाही. ॲपच्या बटणामागे मात्र राऊटर असतो, पुष्कळदा उत्पादकाचा दूरवरचा सर्व्हर असतो, आणि हुकूम पोहोचल्याची पोच त्याच वाटेने परत यावी लागते. ती येण्याआधी बटणाने रंग बदलावा का, हा खरा प्रश्न आहे. एका वाचकाच्या शंकेने तो पुढे आणला आहे.

शंका अशी: ॲपमध्ये एसी बंद दिसतो आणि घरी पोहोचावे तर खोली थंडगार. ॲप खोटे का सांगते?

जुना एसी ॲपला जोडण्यासाठी इन्फ्रारेड ब्लास्टर वापरतात. तो रिमोटसारखेच डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे स्पंद सोडतो. हा संवाद एकतर्फी असतो; एसीकडून पोच कधीच येत नाही. त्यामुळे घरातल्या कोणी एसीचा मूळ रिमोट वापरला, तर ॲपला पत्ता लागत नाही. ते आपलाच शेवटचा हुकूम दाखवत राहते. सुदैवाने एसीचा रिमोट सहसा दर वेळी सगळी स्थिती एकदम पाठवतो: चालू की बंद, तापमान, पंख्याचा वेग. म्हणून ॲपमधून ‘बंद’ पुन्हा पाठवले की गाडी रुळावर येते. बऱ्याच टीव्हींचे तसे नसते. तिथे चालू आणि बंद दोन्हींसाठी एकच संकेत असतो. ॲपचा अंदाज एकदा चुकला की बंद करायला जावे आणि टीव्ही सुरू व्हावा, असा उलटा कारभार चालतो.

होम असिस्टंट या मुक्त प्रणालीने यावर सरळ उपाय केला आहे. स्थिती नुसती गृहीत धरलेली असेल, तर सरकणाऱ्या बटणाऐवजी ती ‘चालू’ आणि ‘बंद’ अशी दोन वेगळी बटणे दाखवते. दिसायला जरा ओबडधोबड, पण माहीत नसलेले माहीत असल्याचा आव त्यात नाही. बाजारातल्या देखण्या ॲपांनी हे उचलायला हरकत नाही.

हुकूम आणि स्थिती यांची गल्लत ॲपांच्या फार आधीची आहे. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझलेला होता. तो दिवा झडपेला मिटण्याचा संकेत गेला एवढेच दाखवत होता. ती मिटली की नाही, हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. कर्मचाऱ्यांनी झडप मिटली असे धरले, दोन तासांहून अधिक काळ थंडाव्याचे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

घरातल्या दिव्याच्या बाबतीत एवढा धोका नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या प्रतिसादवेळेच्या मर्यादांनुसार 0.1 सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ वाटतो. 1 सेकंदापुढे विचारांची साखळी तुटते. म्हणून दिव्याचे बटण लगेच रंगवावे आणि पोच आली नाही तर मुकाट्याने परत न फिरवता तसे सांगावे. गिझर आणि दाराचे कुलूप यांना ही सवलत नाही. तिथे आधी ‘बंद करत आहे’ आणि पोच आल्यावरच ‘बंद झाले’. कुलपाबाबत तेवढ्यानेही भागत नाही. दार उघडे असतानाही कडीचा दांडा बाहेर येऊ शकतो, म्हणून दाराला वेगळा सेन्सर लागतो.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त घोळ भिंतीवरचा खटका घालतो. सवयीने कोणीतरी तो पाडते, स्मार्ट बल्बची वीजच जाते आणि ॲप त्याला हाका मारत बसते. अशा प्रसंगासाठी एमक्यूटीटी या संदेशपद्धतीत ‘मृत्युपत्रा’ची सोय आहे. तेलवाहिन्यांवर दुरून देखरेख ठेवण्यासाठी 1999 मध्ये ही पद्धत तयार झाली. उपकरण जोडले जातानाच ‘मी गेलो तर हे कळवा’ असा निरोप मध्यस्थ सर्व्हरकडे ठेवते. पण हा निरोप तत्काळ निघत नाही. संपर्काची मुदत 60 सेकंद ठरली असेल, तर सर्व्हर तिच्या दीडपट, म्हणजे 90 सेकंद, वाट पाहतो. तोवर ॲप जुनीच स्थिती दाखवणार. म्हणून महत्त्वाच्या उपकरणाखाली माहिती किती वाजताची आहे, ती वेळ बारीक अक्षरात असावी.

निरोप निघाल्यावर काय लिहायचे, हेही ठरवावे लागते. ‘बंद’ लिहिणे चूक, कारण बल्ब राऊटरच्या टप्प्याबाहेर असला तरी लक्षण तेच. ‘काहीतरी बिघडले’ हे तर निरुपयोगीच. ‘बल्ब उत्तर देत नाही. भिंतीवरचा खटका चालू आहे का?’ एवढे वाचले की घरातले कोणीही उठून पाहू शकते. हॉलमधल्या चार दिव्यांना एकच बटण असेल आणि एक दिवा गप्प राहिला, तर ‘4 पैकी 3 लागले’ असे लिहावे व चौथ्याचे नाव द्यावे.