प्लॅटिनमऐवजी सच्छिद्र कार्बन

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या बनतात. इथून परवडणारी हायड्रोजनची गाडी निघायची, तर आधी प्लॅटिनमचं कोडं सुटायला हवं. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधल्या ऑक्सिजनच्या मंद अभिक्रियेला वेग देणारा हा उत्प्रेरक फार महाग.

स्वस्त पर्याय असा: जस्ताच्या ‘झिफ-८’ या सच्छिद्र पदार्थात (एका ग्रॅमात दीड हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग!) थोडं लोह घालून तो हवेविना सुमारे १,००० अंश सेल्सिअसला तापवतात. ९०७ अंशांना उकळणारं जस्त उडून जातं. उरलेल्या सच्छिद्र कार्बनमध्ये नायट्रोजनने धरून ठेवलेले लोहाचे सुटे अणू प्लॅटिनमचं काम करतात. खरी अडचण टिकाऊपणाची; सेलमधल्या आम्लात लोह झिजतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्लॅटिनमविरहित उत्प्रेरकांवर संशोधन चालतं. तिथेच २०२० मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही संशोधन परिषद यांच्या देशी फ्युएल सेलवरची गाडी धावली.