काट्याने काटा, आवाजाने आवाज

प्रयोगशाळेतील नादकाटा रबरावर आपटून कानाजवळ उभा धरा आणि त्याच्या दांड्याभोवती सावकाश फिरवा. एका फेरीत आवाज चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो! त्या चार दिशांना एक लहर हवा दाबते, त्याच क्षणी दुसरी ती विरळ करते. संपीडन आणि विरलन एकमेकांना खोडतात.

याचा व्यवहारात उपयोग काय? शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. कारखाना म्हटला की मोठे पंखे आणि हवेचे पत्र्याचे नळ आलेच. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम करणाऱ्याच्या अंतर्कर्णातील केशपेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. तीक्ष्ण आवाज नळाच्या आतील काचलोकरीचे अस्तर शोषून घेते. पण खर्जातली घरघर? १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर असते. तिच्यापुढे दोन बोटे जाडीचे अस्तर दुबळे ठरते.

अशा वेळी उलट लहर सोडावी, ही कल्पना पॉल लुएग या जर्मन संशोधकाची. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना १९३६ साली मिळाले. नळात पंख्याजवळ मायक्रोफोन आणि ३.४ मीटर पुढे लाउडस्पीकर आहे असे समजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे उलट लहर तयार करायला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. त्यात सेकंदाच्या दोनशेव्या भागाची चूक झाली, तर १०० हर्ट्झची घरघर मिटण्याऐवजी वाढेल!

शिवाय पंख्याची गती आणि हवेचे तापमान सतत बदलते. म्हणून यंत्राला शिकावे लागते. तंबोरा जुळवणारा खुंटी पिळतो, ऐकतो, पुन्हा पिळतो. तसेच हे यंत्र दुसऱ्या मायक्रोफोनने उरलेला आवाज ऐकते आणि आपले गुणक थोडेथोडे बदलते. याची सोपी गणिती रीत विड्रो आणि हॉफ या अमेरिकन संशोधकांनी १९६० साली मांडली.

तरीही एक अडचण उरते. लाउडस्पीकरवर फार ताण पडला की तो १०० हर्ट्झबरोबर २०० आणि ३०० हर्ट्झचे नवे आवाजही काढतो. साधे, म्हणजे रेषीय यंत्र लहर लहानमोठी करील, मागेपुढे सरकवील. पण नवी वारंवारता निर्माण करू शकत नाही. येथे तुमची त्रिकोणमिती मदतीला येते. sin ऐवजी ‘साइन’ म्हणू: साइन θ चा वर्ग = (१ − कोसाइन २θ) ÷ २. वर्ग करताच कोन दुप्पट झाला, म्हणजे वारंवारताही दुप्पट! मूळ संकेताबरोबर त्याचे वर्ग, घन यंत्राला पुरवले की ते अरेषीय होते आणि नवे आवाजही खोडू शकते. देवीप्रसाद दास आणि गणपती पंडा या भारतीय संशोधकांनी २००४ साली वर्ग-घनांऐवजी संकेताची साइन आणि कोसाइन फले वापरणारी रीत प्रसिद्ध केली.

मग दौंड जंक्शनच्या फलाटावरचा गोंगाट असा मिटवता येईल का? नाही. उघड्यावर आवाज चहूबाजूंनी येतो. एका जागी तो खोडला, तर दुसऱ्या जागी वाढतो. ही युक्ती नळासारख्या अरुंद जागी किंवा कानावरच्या हेडफोनमध्येच नीट साधते. म्हणून यंत्रांना वेळेवर तेलपाणी करणे आणि कामगारांना कर्णरक्षक देणे, याला आजही पर्याय नाही.