फेडरवरचा हात

आमच्या भाच्याला लोक विचारतात, "काय करतोस?" तो सांगतो, "लाईट करतो." पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे वायरिंगची कामं घेतोस का?" आमच्या आपालाही इतकंच कळायचं की, पोरगं नाटकवाल्यांच्या नादी लागलंय. म्हणून गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी त्याचा प्रयोग होता, तेव्हा आम्ही आपाला मुद्दाम घेऊन गेलो. ती प्रेक्षकांत बसली. आम्ही मागच्या बाजूला, त्याच्या शेजारी स्टूल टाकून.

त्याच्यापुढे कन्सोल होता. वरच्या ओळीत बारा फेडर, खालच्या ओळीत बारा. फेडर म्हणजे बोटाने वरखाली सरकवायची पट्टी. प्रत्येक फेडर एका चॅनेलचा, आणि चॅनेल म्हणजे एक दिवा किंवा एकत्र जोडलेले दोन-चार दिवे. पट्टी तळाला असली की शून्य, वरच्या टोकाला फुल. मधलं सगळं बोलणं टक्क्यांत: "तीन नंबर साठवर दे."

एक गोष्ट आम्हाला तिथेच कळली. कन्सोलमधून दिव्याला वीज जात नाही, फक्त हुकूम जातो. एक हजार वॅटचा पारकॅन 230 व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त करंट खेचतो; तो भार विंगेतला डिमर उचलतो. कन्सोल आणि डिमर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव डीएमएक्स 512. ती 1986 साली अमेरिकेत ठरली. एका केबलमधून 512 चॅनेल जातात आणि प्रत्येकाला 0 ते 255 यांपैकी एक आकडा मिळतो. एलईडीचा एकच दिवा लाल, हिरवा, निळा असे कित्येक चॅनेल खातो, त्यामुळे 512 ऐकायला वाटतात तितके पुष्कळ नाहीत. त्याआधीच्या काळात मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या खालीवर करूनही दिवे मंद-प्रखर केले जात. कोलकात्याच्या तापस सेन यांनी 1959 मध्ये 'अंगार' नाटकात खाणीत पाणी भरतानाचा देखावा प्रकाशातून उभा केला, तो आजच्या संगणकी कन्सोलशिवायच.

आता त्या दिवसाची अडचण. नाटकाचे सगळे प्रकाशबदल मोठ्या संगणकी कन्सोलच्या फाईलमध्ये होते, 24 चॅनेलचे. या सभागृहात डिमर बाराच, त्यांतला एक बंद. भाचा म्हणाला, "मामू, आज सगळं हातानं." दुपारभर त्याने दिव्यांच्या जोड्या बदलल्या आणि कागदावर नवा हिशोब मांडला.

तालमीत एक गंमत झाली. पाच नंबरचा फेडर त्याने शून्यावर आणला, तरी दिवा जळतच राहिला. आम्हाला वाटलं, बोर्ड बिघडला. तो हसला. कुणीतरी गॅदरिंगचे सीन बोर्डाच्या मेमरीत भरून ठेवले होते आणि त्यातला एक सीन चालू राहिला होता. एकाच चॅनेलला दोन ठिकाणांहून हुकूम गेला, तर दिव्याच्या तेजापुरता मोठा आकडा जिंकतो. मेमरी ऐंशी म्हणत असेल, तर तुमच्या शून्याला कोण विचारतो? त्याने मेमरीचा फेडर खाली ओढला. दिवा विझला.

मोठ्या कन्सोलवर याच्या उलट फसगत होते. गेल्या वर्षीच्या एका प्रयोगात नट अंधारात उभा राहिला, म्हणून याने समोरचा चॅनेल साठवरून पंचाहत्तरवर हाताने नेला. बरोबरच केलं. पण असा हातात घेतलेला आकडा अनेक कन्सोलवर तुम्ही स्वतः सोडेपर्यंत सुटत नाही, आणि हा 'क्लिअर' दाबायला विसरला. पुढचा प्रवेश रात्रीचा. निळ्या चांदण्यात पांढराफटक चेहरा! दिग्दर्शकाचं बोलणं ऐकून त्या रात्री हा जेवला नव्हता, हे आपाला आजही माहीत नाही.

प्रयोग सुरू झाला. वरच्या ओळीवर चालू प्रवेश, खालच्या ओळीवर पुढच्या प्रवेशाचे आकडे लावून ठेवलेले. वेळ आली की दोन्ही मास्टर एकाच वेळी सरकवायचे, एक प्रवेश मावळतो, दुसरा उगवतो. लगेच रिकाम्या झालेल्या ओळीवर त्याच्या पुढचे आकडे लावायचे. बघणाऱ्याला हे सोपं वाटतं. आम्ही एकदा त्याच्याशी बोलायला गेलो, तर त्याने मान हलवून गप्प केलं.

शेवटचा प्रवेश. म्हातारी आई खाटेवर एकटी, हातात मुलाचं पत्र. समोरचा चार नंबर सत्तरवर होता. टिक् असा आवाज आला आणि दिवा गेला. बाईंचा चेहरा बुडाला. आम्ही स्टुलावरून उठलोच.

भाच्याने घाई केली नाही. धडकन उजेड वाढला की सगळं सभागृह वर बघतं, हे त्याला ठाऊक होतं. बाजूचा सात नंबर वीसवर होता, म्हणजे त्याची तार आधीच तापलेली. बाई वाचतावाचता थांबतात, तेवढ्या वेळात त्याने एका बोटाने तो पन्नासवर नेला आणि दुसऱ्या हाताने मागचा निळा थोडा उतरवला. नजर फेडरवर नव्हती, बाईंवर होती. बाईंनाही गालावरची ऊब जाणवली असावी. त्यांनी पत्र किंचित डावीकडे धरलं आणि चेहरा त्या उजेडात आणला. शेवटचं वाक्य झाल्यावर त्याने ग्रँडमास्टर दहा आकडे मोजत खाली आणला.

टाळ्या पडल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही. वळून पाहावं असं काही घडलंच नव्हतं त्यांच्या लेखी.

सामान आवरताना आपा डबा घेऊन मागे आली. भाचा केबल गुंडाळत होता. पारकॅन अजून चटका देण्याइतके गरम होते.

"शेवटी ती म्हातारी डावीकडे वळली, ते तू सांगितलं होतंस?"

"नाही अम्मी. तिकडे उजेड होता."

आपाने डबा उघडला. "आधी जेव," ती म्हणाली. "आणि पुढचा प्रयोग कुठंय?"