हात भिजवून भेटायचा समुद्र

गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई येते. साडेनऊशेहून जास्त किलोमीटरांचा हा लोहमार्ग म्हणजे आमच्याकडच्या पोरांची समुद्राकडे जायची वाट. पाण्याची आम्हाला नवलाई नाही. गावागणिक मामा (माजी मालगुजारी) तलाव, शेताच्या कडेला बोडी, आणि कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला नवेगावबांधचा तो अफाट जलाशय. पण हे सगळं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातला जीव पाहायचा तर महाराष्ट्राचं दुसरं टोक गाठावं लागतं.

भाची आठ वर्षांची असताना तिला घेऊन मी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ही इमारत. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हाचा खर्च सुमारे 8 लाख रुपये, त्यातले 2 लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याचे. म्हणून त्यांचं नाव. पुढे दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहून मार्च 2015 मध्ये ते नव्या रूपात उघडलं. 12 फुटी पारदर्शक बोगदा, दिव्यांनी उजळलेल्या टाक्या, शेकडो जातींचे मासे. तरी जागा आटोपशीर. सगळी गर्दी बोगद्याकडे धावत होती. आमची पोर मात्र एका उघड्या, उथळ टाकीपाशी खिळली. त्रास न देणाऱ्या प्राण्यांना मुलांनी हात लावावा म्हणूनच ती टाकी ठेवली होती. माझ्या मते त्या मत्स्यालयाचं खरं काळीज तिथे होतं.

त्या टाकीतला तारामासा हा नावाचाच मासा. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, मेंदू नाही, रक्तही नाही. पाठीवर चाळणीसारखी एक छोटी चकती असते. तिच्यातून समुद्राचं पाणी आत जातं, नळ्यांमधून पाचही भुजांत फिरतं, आणि त्या पाण्याच्या दाबावर शेकडो इवले पाय लांबतात, आखडतात, चिकटतात. प्रत्येक भुजेच्या टोकाला उजेड-अंधार ओळखणारा एक ठिपका. शिंपला सापडला की हा प्राणी त्याच्या दोन्ही झाकणांना पाय चिकटवून धीरानं ओढत राहतो. जराशी फट पडली की स्वतःचं जठर बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो आणि शिंपल्यातला जीव तिथल्या तिथे पचवतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. भाचीनं मात्र दोन बोटं त्याच्या पाठीवर ठेवली आणि म्हणाली, "मामा, हा तर करवंटीसारखा खरखरीत आहे." इतकी वर्षं वाचूनही तारामासा करवंटीसारखा लागत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हात लावायची रीत मी तिला आधीच समजावली होती. आधी हात पाण्यात भिजवायचा. साबण, तेल, अत्तर काही नको. दोन बोटांनी, वरून, हलकेच. उचलायचं नाही, पाण्याबाहेर काढायचं नाही. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो आणि तो त्याला रोगापासून वाचवतो. कोरडा हात लागला की तो निघतो. सगळ्याच प्राण्यांना हातही लावू नये. समुद्री काकडी आणि समुद्रघोडा यांना 2001 मध्ये वन्यजीव कायद्यानं वाघाच्याच अनुसूचीत नेऊन बसवलं.

परतताना गाडीत तिनं विचारलं, आपल्या तलावातली मरळ त्या टाकीत सोडली तर? मरेल, मी म्हटलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरत राहतं. त्याला ते प्यावं लागत नाही, उलट सतत बाहेर टाकावं लागतं. पापलेटाचं नेमकं उलटं: समुद्र त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतो, म्हणून तो सारखा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे समुद्रातल्या माशाला तहान लागते.

सार्वजनिक मत्स्यालय ही कल्पना लंडनची. 1853 मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं उघडलं. तेव्हापासून मत्स्यालय म्हणजे काच, आणि काचेअलीकडे आपण. काच डोळ्यांना सगळं देते, हाताला काहीच नाही. आमच्याकडच्या बाईमाणसाला हाताची किंमत वेगळी सांगायला नको. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात हात घातला की खेकडा बोटाला सापडतोच. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या हाताला तर तलावाचा तळ पाठ असतो: कुठे गाळ, कुठे पाणवनस्पती, मासा कुठे दडणार. हे ज्ञान जाळ्याइतकंच हातात असतं. पुढे तलावांत बेशरम ही झुडपी वनस्पती माजली, बाहेरून आणलेलं कटला-रोहूचं बीज सोडणं वाढलं, आणि देशी मासे कमी झाले. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर स्त्री-पुरुषांनी कंबरभर पाण्यात उतरून ही बेशरम उपटली आणि तळाशी देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हाही कामी आला तो हातच.

तारापोरवाला कोरोनाच्या टाळेबंदीत बंद झालं आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. मुंबईच्या मुलांना निदान खडकाळ किनारा आहे; 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना तिथे नेऊन डबक्यांतले जीव दाखवतात. गोंदियाच्या मुलांना काय? एखाद्या शाळेच्या पडवीत फूटभर खोल हौद, तळाला बोडीतला गाळ, त्यात पाणवनस्पती, गोगलगायी, शिंपले, मरळीची पिल्लं. काटा मारणारी शिंगी तेवढी नको. मरळ हवेतून श्वास घ्यायला वर येते. आई-बाप पिल्लांच्या लालसर थव्याची राखण करतात. ते पाहायला तिकीट कशाला लागेल? खारं पाणी नाही म्हणून हे अडू नये असं मला मनापासून वाटतं.

यंदा रोवणीला भाची गावी आली होती. बांधावर एक खेकडा निघाला. बाकीची पोरं त्याच्यावर झडप घालायला धावली. ती आधी बांधीकडे वळली, हात पाण्यात बुडवला, आणि मग त्याच्यापाशी जाऊन बसली.